कोपराआड

तापकीर गल्लीत तेरा हजारांना घेतलेला लॅपटॉप,
डावं बिजागर वायरीनं आवळलेलं.
आत गाणी मिसळायचं फुकटचं सॉफ्टवेअर.
चांगलं आहे, नावं ठेवायला जागा नाही,
फक्त तोंड अनोळखी.
बटण सापडेपर्यंत गाणं संपायचं
आणि नवरदेवाचा मामा मान वळवून बघायचा.

माझे डोळे दुसऱ्याच पडद्यावर तयार झालेले.
पायगुडे अण्णांच्या.
तीन सीझन त्यांच्याकडं वायरी गुंडाळल्या,
टेम्पोत दोन स्पीकरांच्या मध्ये बसून
नवले पुलापासून चाकणपर्यंत हाडं मोजली.
कन्सोलला हात लावायचा नाही, हा नियम.
बघण्यावर नियम नव्हता.
त्यांच्या डाव्या खांद्यामागं उभं राहून
तो पडदा मी पाठ केला
पाढ्यांसारखा, न समजता,
चालीवर.

ते सॉफ्टवेअर महागाचं. दर महिन्याला पैसे मागतं.
दर महिन्याला पैसे मागणारे
आमच्या दारात आधीच पुष्कळ.

अल्ताफ म्हणाला, येड्या, याचं कातडं बदलता येतं.
त्याच्यासारखं सजव की.
मग आंबेगाव पठारावर, बहीण झोपल्यावर,
फाईल उघडली. नुसती अक्षरं.
कंसाच्या पोटात कंस,
एक मिटवायचा राहिला की सगळा पडदा पांढराफटक.
अकरा रात्री लागल्या.
खालच्या लाटा वर नेल्या,
चकत्या फुगवल्या,
वेगाची पट्टी उजवीकडं सरकवली चार ठिपके,
मग दोन ठिपके परत.
निळा जमला. काळाही जमला,
तो काळा नव्हताच, ओल्या डांबराचा होता.
लालपाशी अडलो.
अण्णांचा लाल नेमका कुठला?
आकडे टाकत गेलो,
कुंकू झालं, सिग्नल झाला, गॅसची टाकी झाली.
शेवटी थकलो आणि एक ठेवला.

आणि डावीकडचा वरचा कोपरा.
तो मला माहीतच नव्हता.
अण्णा डाव्या हातानं हेडफोन कानाशी दाबायचे,
कोपर बाहेर.
कोपर आणि कोपरा, एका कान्याचं अंतर,
तेवढं तीन सीझनांत मला ओलांडता आलं नाही.
मोबाईलवर फोटो शोधले, सगळे नव्या अवताराचे,
अण्णांकडं जुनं होतं.
तिथं एक राखाडी चौकोन ठेवला.
रिकामा. दाबला तर काही होत नाही.

धायरीत हळद होती, पोकळ्यांच्या मुलीची.
अण्णा पाहुणे म्हणून आलेले.
धंदा विकून दीड वर्ष झालं होतं त्यांना,
कानात सारखी शिट्टी वाजते म्हणून.
हातात मठ्ठ्याचा ग्लास घेऊन स्टेजमागं आले,
पडद्याकडं बघितलं.
ग्लास स्पीकरवर ठेवला,
जे आम्हाला कधीच ठेवू दिलं नव्हतं.
मी बाजूला झालो.

त्यांनी काही विचारलं नाही.
हात जिथं जायचा तिथं गेला
आणि तिथं ते होतं.
एक गाणं दुसऱ्यात असं उतरलं
की नाचणाऱ्यांना कळलंही नाही
आपण आता वेगळ्या ठेक्यावर आहोत.
सवयीनं मी त्यांच्या डाव्या खांद्यामागं जाऊन उभा राहिलो.
अण्णांनी हेडफोन कानाला लावला,
दुखऱ्या कानाला,
कोपर बाहेर आलं.
चौकोन दिसेनासा झाला.
पडदा पुरा झाला.

पावणेदहाला गेटवर हवालदार दिसला.
अण्णांनी आवाज हळूहळू खाली घेतला,
तापातल्या पोराचं पांघरूण काढावं तसा.
"लाल जरा जास्त झालाय," म्हणाले
आणि चप्पल शोधत गेले.
मठ्ठा तसाच राहिला.

रात्री दीडला फाईल उघडली.
बहिणीनं कूस बदलली,
तिच्या गालावर पडद्याचा उजेड, लाल.
मी दोननं कमी केला.
मग अजून एकनं.