उणे ऐंशी

सर्व विभागांना कळविण्यात येते की
शनिवारी पहाटे सहा ते रविवारी रात्री दहा
शीतकरण यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद राहील.
खाली माझी सही,
हल्ली तिची शेवटची रेघ जरा घसरते.

चाळीस तास. मे महिना. बेलापूर.
फ्रीझर सात, जनरेटरवर जागा तिघांनाच.
मग यादी करायला बसले: कोणाचं काय, किती मोलाचं.
आठवडाभर माणसं टेबलाशी येऊन उभी राहिली,
प्रत्येकाचं उणे ऐंशी
शेजाऱ्याच्या उणे ऐंशीहून थंड.
मुकादम म्हणाला, चार वर्षांचे खेकड्यांचे कल्ले आहेत मॅडम,
यांच्यापायी लग्न पुढे ढकललंय.
डॉ. रेगे स्वतः काही बोलले नाहीत,
कुलगुरूंना बोलायला लावलं.
संगणकवाले तेवढे शहाणे, शुक्रवारीच सगळं बंद केलं.
त्यांचं एक वादळ, नुसतं गणितातलं,
रत्नागिरीपासून साठ मैलांवर
पाय उचललेला तसाच ठेवून थांबलं.

पाच नंबरच्या तळाशी एक खोकं निघालं, यादीत नसलेलं.
झाकणावर पेन्सिलीने: वि. द. / उलवे / गाळ / ९८.
वि. द. म्हणजे दाबके सर. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.
त्यांनी गुडघाभर चिखलात उतरून भरलेला हा गाळ,
आणि ती खाडी आता भरावाखाली.
बेवारस नमुने तीस दिवसांनी नष्ट करावेत,
हा नियम मीच टंकला होता, जाड ठशात.
रेग्यांच्या राखीव कप्प्यात
तीन खोकी चक्क रिकामी होती, नुसती जागा धरून.
एक काढलं. कोणाला विचारलं नाही.

सहाला चिलर थांबला
आणि कळलं, अकरा वर्षं एक आवाज मी ऐकत होते.
इमारत कुणी कान काढून घेतल्यासारखी.
लिफ्टजवळचं घड्याळ टिकटिकतं,
हे त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

कोरडा बर्फ तळोज्याहून चारला यायचा होता.
सहाला फोन: गाडी उद्या.
चिंतामण तांडेल, आमचा प्लांटवाला,
पाना खिशात टाकून म्हणाला, थांबा, आत्याला विचारतो.
दिवाळ्याहून टेम्पो आला. मागे द्वारकाआत्या,
लाद्यांवर गोणपाट, गोणपाटावर ती स्वतः.
शून्य अंशाचा बर्फ.
उणे ऐंशीच्या मानाने म्हणाल तर उन्हाळाच,
पण चार अंशांच्या खोलीला पुरला,
नुसता कोलंबीचा वास राहिला मागे.
फ्रीझरच्या दारांवर मी चिकटपट्टी लावत होते,
ती बघत उभी राहिली.
जन्मभर बर्फात हात घातलेली बाई.
म्हणाली, झाकन उघरू नको गो.
बगाला गेलीस का मासली दुसऱ्यांदा मरते.

रात्रभर वहीत आकडे.
उणे अठ्ठ्याहत्तर. उणे सत्याहत्तर.
मुकादम जिन्यात झोपला, बूट उशाला.
दीडला उणे चौऱ्याहत्तर,
आणि मला उगाचच आईचा ताप आठवला,
पारा झटकायची ती, पुन्हा लावायची,
जणू चूक थर्मामीटरची.

गाडी आली पहाटे पाचला.
पांढरा धूर जमिनीवरून सरपटत
मुकादमच्या पायांपर्यंत गेला, तो दचकून उठला.
रविवारी दहा वाजून वीस मिनिटांनी चिलर सुरू.
तांडेल म्हणाला, आता झोपा.
कान बराच वेळ परत आले नाहीत.

सोमवारी अहवाल: नुकसान, निरंक.
रेग्यांचं आभाराचं पत्र, कुलगुरूंमार्फत.
शनिवारी रात्री तीनला मी जनरेटरवरचं एक दार उघडलं होतं,
गाळाचं खोकं आहे ना, एवढंच बघायला.
दोन अंश गेले.
ते लिहिलं नाही.