दहा मिनिटं हात लावायचा नाही

सलमाबादला ऑगस्टात, दुपारी दोनला, पत्र्याखाली
पान्हासुद्धा फडक्यात धरावा लागतो.
डंबर गाडी ढकलत आला.
सिग्नलला उभी केली की मरते, म्हणाला,
नाही मेली तर ओरडते.
मागच्या पेटीत कुणाचं तरी पार्सल, अजून गरम.

मी बटण दाबलं.
काटा नऊशे, मग दोन हजार, मग सातशे,
परत दोन हजार,
दारात आलेला पाहुणा आत यावं की जावं
ठरवत नसला की उंबऱ्यावर जसा.
कान बिन लावला नाही मी, ते गिऱ्हाइकाला दाखवायला करतात.
नुसता उभा राहिलो.

दापोलीला मामूच्या गॅरेजात
सगळ्या कार्बुरेटरच्या गाड्या.
एक पितळी स्क्रू असायचा, हवेचा.
पाव आटा आत, चिमूटभर बाहेर,
इंजिन एका सुरात आलं की मामू म्हणायचा,
बस, हात धू, जेवून घे.

हिला तो स्क्रूच नाही.
सीटखाली एक काळी डबी आहे, साबणाच्या वडीएवढी.
सेन्सर सांगेल तेच तिच्यासाठी खरं,
जेवढी हवा मोजली तेवढ्या मापानं पेट्रोल.
आणि न मोजलेली हवा कुठून तरी आत घुसली
की ती बिचारी हिशेब जुळवत बसते.
कमी पडलं, वाढव. जास्त झालं, काप.
तिला कोण सांगणार
की चूक वहीत नाहीये.

प्लग काढला. पांढराफटक.
थ्रॉटल बॉडी उघडली, पाकळीच्या कडेला काजळी,
फडक्यानं पुसली. तारेनं नाही.
तारेनं ओरखडे पडतात, शफाकतला तीनदा सांगितलंय.
जोडून बघितली. तेच.
बॅटरीचे टर्मिनल आवळले. तेच.
डंबरचा फोन टिंग, टिंग.
उस्ताद, अजून किती?
डॉक्टरला विचारतोस का असं? मी चिडलो.
म्हणाला, डॉक्टरकडे गेलोच नाही
इथे आल्यापासून.

मग पाण्याची फवाऱ्याची बाटली घेतली,
न्हाव्याकडे असते तसली.
चालू इंजिनावर, इंटेकच्या रबराभोवती, थोडं थोडं.
वरून काही नाही.
डावीकडून काही नाही.
खाली, क्लिप बसते तिथे, फुस्स
आणि काटा चौदाशेवर गप्प.
तीन सेकंद.
पाणी उडालं, पुन्हा नाच सुरू.

रबर काढून त्याला दाखवलं. दिसेना त्याला.
मग वाकवून, नखानं फट उघडून दाखवली.
केसाएवढी.
चार उन्हाळे या बेटावरचे, आणि रबर शेवटी रबर.
एवढ्याशानं?
एवढ्याशानंच.

नवं अडीच दिनारला, शेजारच्या मलबारीकडून.
तेलाचं बोट फिरवून बसवलं, क्लिप आवळली.
बॅटरीची तार सोडून ठेवली पाच मिनिटं,
डबीनं जुना हिशेब विसरावा म्हणून.
जोडली. दाबलं. धरली तिनं.
सवयीनं डंबरचा हात मुठीकडे गेला,
मी मनगट पकडलं.
आता दहा मिनिटं हात लावायचा नाही.
उभं राहायला शिकतेय परत.

मिनिटाला पैसे कापतात, तो म्हणाला.
कापू देत.
फोन वाजला, त्यानं बघितलं,
टायरवर उलटा ठेवला.
ऑर्डर तर कधीच रद्द झालेली.
पेटी उघडून त्यानं पार्सल काढलं,
आम्ही उकिडवे बसलो, मधे बिर्याणी,
माझ्या बोटांना ग्रीसचा वास.

सातव्या मिनिटाला ती अडखळली.
डंबरनं घास तसाच हवेत धरून
माझ्याकडे बघितलं.
मी मान हलवली, नको.

सावरली. आपली आपण.