स्थिती

तपासणी कमिटी सोमवारी बेळगावात येणार,
म्हणून प्राचार्यांनी मला वही दिली, फूटपट्टी दिली
आणि जिन्याखालच्या खोलीची किल्ली.
क्रमांक, चित्रकार, माध्यम, आकार, स्थिती.
मी ग्रंथालयातली, चित्रातलं मला काय कळणार,
पण अक्षर बरं आहे म्हणाले.

क्रमांक एक, संस्थापक. तैलरंग.
परशराम मुचंडीकर, इथेच इंटरला नापास झालेले
आणि मग इथेच तेवीस वर्षं ड्रॉइंग शिकवत राहिलेले.
कोटाची बटणं जिवंत आहेत. डोळे उरकलेत.
स्थिती: गालावरून पाल फिरून गेल्याची खूण.

क्रमांक चार, मलप्रभेचा घाट, खानापूर.
फिलोमिना बार्देसकर. धुणाऱ्या बायकांना तिने
तोंडं दिली नाहीत, पाठी दिल्यात,
आणि प्रत्येक पाठ वेगळी दमलेली.
स्थिती: नदीला वाळवी.

क्रमांक सात, शहापूरचा माग, कोळशात.
सही आहे, पण धोट्याआड दडवलेली.
पुसट. मी ती ‘अवाचनीय’ लिहिली
आणि दिवसभर बोटं काळी घेऊन फिरले.

क्रमांक नऊला नावच नाही.
एक बाई, एक दार,
दारातून आत आलेला तांबडा उजेड,
चप्पल काढून ठेवावी असा.
बाई काही करत नाही. बसलीय.

मी चित्र उलटं केलं.
मागे सुतारी पेन्सिलीने कन्नड आकडे, फ्रेमचं माप,
ईरप्पा बडिगेर, दोन रुपये बाकी.
शेजारी मराठीत कुणाचा तरी हिशेब:
अळशीचं तेल, पांढरा रंग, रॉकेल अर्धी बाटली.
खाली पुन्हा कन्नड, घाईने ओढलेली एक ओळ.

कन्नड मी बोलते, वाचताना अडते.
‘काय बघूलैस गं एवढं?’ म्हणत कल्लाप्पामामा आले,
चष्मा शर्टाला पुसला, वाचलं:
इन्नू हसि इदे. मुट्टबेडी.
अजून ओलं आहे. हात लावू नका.

मी बोट मागे घेतलं. खरंच घेतलं.
मामा हसले नाहीत.

पाट्यांच्या अक्षरांवरून ह्या गावात
किती वेळा काचा फुटल्या, मामांना तारखा पाठ आहेत.
ही खोली जिन्याखाली होती, तिला कुणी विचारलं नाही.
चित्रकार कोण मग?
तेल आणणारा, माप घेणारा,
की ओल्या रंगाची काळजी ज्याला होती तो?
रकाना एकच, अन् अरुंद.

कमिटी आली. अकरा मिनिटं.
एकूण किती, त्यांनी विचारलं.
नऊ, प्राचार्य म्हणाले. नऊ, त्यांनी लिहिलं.
शेवटचा रकाना कुणी वाचला नाही,
तिथे मी माझ्या बऱ्या अक्षरात लिहिलंय:
ओलं.

किल्ली अजून माझ्याकडेच आहे.
मागितलेली नाही कुणी.