क्लॅक

प्रश्न क्रमांक दोनशे सतरा.
वहीतून वाचला, पुन्हा वाचला,
मग लक्षात आलं, मी मान खाली घालून वाचतोय.
हिल्डा ऑर्मेरॉडला माझे ओठ हवे होते.
कान तिने गिरणीतच ठेवले होते,
नेल्सन गावात, कालव्याकाठी,
चारशे मागांच्या शेडमध्ये.
चौदाव्या वर्षी आत गेली, एकसष्टाव्या वर्षी बाहेर आली.

मान वर करून म्हणालो: क्लॅक.
एवढासा शब्द. जीभ टाळूला लागते, सुटते,
आणि घशाशी दार बंद होतं.
विद्यापीठातल्या जाड कोशात त्याच्यापुढे लिहिलंय
ध्वन्यनुकारी.
बहुधा उत्तरेकडून आला असावा,
लांब बोटींतून, दाढीवाल्यांच्या तोंडी.
तिकडे तो पाखरांची कलकल होता.
इकडे येऊन पिठाच्या चक्कीवरचं लाकूड झाला,
जे हादरतं म्हणून दाणे पडत राहतात.
मग पंपातली झडप.
मग (कोश लिहिणारे सगळे पुरुषच)
बाईची जीभ.

हे मी तिला सांगणार नव्हतो.
तिने वहीच ओढून घेतली, चष्मा चढवला,
शेवटच्या अर्थावर बोट ठेवलं
आणि इतकी हसली
की किटलीची लोकरी टोपी हातातून पडली.

"अरे पोरा," ती म्हणाली,
भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यालाही ऐकू जाईल अशी,
"तिथे जिभेला हाड असलं काय, नसलं काय!
चारशे माग एकदम बोलायचे.
आम्ही नुसते ओठ हलवायचो,
असं, तोंड एवढं मोठं करून.
मार्जरी पिकपला दिवस गेलेत
हे मला सहा मागांपलीकडून कळलं,
तिच्या आईच्याही आधी.
मुकादमाची नक्कल त्याच्या पाठीमागे व्हायची.
तो वळला, की आम्ही तुटलेला धागा शोधतोय.
जन्माची वटवट केली रे तिथे.
आवाज म्हणशील तर एक नाही."

मी लिहून घेत होतो, पण कुठे लिहू?
रकाना एक, अर्थ. रकाना दोन, उच्चार.
रकाना तीन, इतर. तो बोटभर रुंद.

"पण तो आवाज होता कसा?"
हा प्रश्न वहीत नव्हता.

तिने कप बाजूला सारला.
डावा तळवा टेबलावर आपटला,
मग उजव्या बोटांचे सांधे,
पुन्हा डावा,
मध्ये धोटा जाईल एवढीच फट.
लाकूड घुमायला लागलं.
बशीतला चमचा सरकत सरकत कडेला आला
आणि पडला. तिला कळलं नाही.
तिच्यापर्यंत तो आवाज
कोपरातून येत असावा, फार तर खांद्यातून.
डोळे मिटलेले,
ओठ मात्र कुणाशी तरी बोलत होते,
मोठे, सावकाश,
मध्येच एकदा हसू दाबून.

मला ओठ वाचता येत नाहीत.

किती वेळ ते चाललं, घड्याळ पाहिलं नाही.
चहा गार झाला. तिने दुसरा केला,
सोबत आल्याचा केक, जरा करपलेला.
प्रश्न दोनशे अठरा गोठ्याविषयी होता,
तो आम्ही सोडून दिला.

परतीच्या बसमध्ये, काचेवर पाऊस,
मी उच्चाराच्या रकान्यात लिहिलं:
डावा तळवा, उजवे सांधे, जलद.

लीड्सच्या कचेरीत कुणीतरी ते खोडलं
आणि लाल शाईने नीट अक्षरात लिहिलं,
माहिती देणारी व्यक्ती बहिरी.