बी-सात ते एफ-एकोणचाळीस

मला सगळी शीट नको होती.
वरच्या सहा ओळींची सरबराई नको,
बोधचिन्ह, झोनचं नाव, एकात एक मिसळलेले तीन सेल,
खाली सहीसाठी सोडलेली जागा.
मधला तेवढा चौकोन:
बी-सात ते एफ-एकोणचाळीस,
वस्ती, तारीख, खेपा, लिटर, शेरा.
पायथनच्या एका ओळीत मावतो तो.

मे महिना. कूलर कीबोर्डवर
वाळ्याचं पाणी शिंपडत होता
आणि पौनीकर बाबूंची फाईल
मशीनला अशी दिसत होती:
नागपूरच्या जागी
यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे.
जुना फॉन्ट. अक्षरं खरीच,
फक्त चष्मा हवा.
तो लिहायला दीड दिवस गेला.

तिसऱ्या आठवड्यात वांजऱ्याहून फोन:
‘तुमच्या यादीत आमची वस्ती काऊन नाही?’

शोधलं. सतराव्या ओळीखाली
पौनीकरांनी एक ओळ घुसवली होती.
‘नाल्यापलीकडे’.
एवढंच. त्या वस्तीला दुसरं नाव नव्हतं.
ती आत आली
आणि तळातून वांजरा सरकलं
चाळिसाव्या ओळीत,
माझ्या चौकोनाच्या बाहेर.

मग म्हटलं, शेवट बांधायचाच नाही.
खेपांचा सेल रिकामा लागेपर्यंत वाचत जायचं.
पौनीकर खर्रा घोटता घोटता थांबले.
‘रिकामं म्हंजे टँकर नाही गेला, मॅडम.
मानसं तं हायेत ना तिथं.’
मग शून्य लिहा ना.
‘शून्य म्हंजे गेला, अन् पानी नाही पोचलं.
मागं रिंग रोडवर टायर फुटला, तवा लिवलं होतं.’

मी दोन्ही
एकाच डब्यात घालत आले होते.

शेवटी तोड त्यांनीच काढली.
यादीच्या तळाशी, बी स्तंभात,
ते रोज लिहू लागले: संपलं.
चष्मा लावण्याआधी मशीनला ते दिसतं
एल, ए, आय, वाय, ए.
मोठ्यानं वाचलं तर लैया.

आता माझा प्रोग्राम
सातव्या ओळीपासून खाली उतरतो,
रिकाम्यांवरून जातो, शून्यांवरून जातो,
लैया दिसली की थांबतो.

काल एक ओळ वाढली.
‘नाल्यापलीकडे’च्या खाली
‘त्याच्याही पलीकडे’.
लिटर कोरे. खेपा कोऱ्या.
शेऱ्यात फक्त: रस्ता विचारून घेणे.