मोजदाद

वाटाण्याचा बहर गळून शेंगा धरल्या
की बाबा माळ्यावरून जाळी काढतात.
तिला मागच्या जूनचा वास असतो अजून:
बंदुकीची दारू, कुत्रीचं ओलं अंग,
थर्मासातून सांडलेला चहा.

नॉरफोकमध्ये या दिवसांत चारलाच फटफटतं.
बांधाला हेझलच्या काठ्या रोवायच्या,
जाळी टाकायची, वर एल्डरच्या फांद्या.
आत दोन बादल्या पालथ्या, एक त्यांना, एक मला.
मधे ब्रॅकन, तिची शेपटी माझ्या बुटावर.
समोर पंचवीस ढांगांवर प्लास्टिकचे बारा रानपारवे,
सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे.
वाऱ्याला पाठ करून पारवा जेवत नाही, बाबा म्हणतात.

बाबांना आता ऐकू येत नाही.
चाळीस वर्षं बंदूक उजव्या खांद्याला,
आधी डावा कान गेला, मग उजवा.
म्हणून मी.
त्यांच्या गुडघ्यावर बोट टेकवते:
एकदा म्हणजे ओकच्या राईकडून,
दोनदा म्हणजे चर्चच्या मनोऱ्यावरून.
मग धाड.
मग पिसं. ती मात्र कधीच घाईत नसतात.

पारवा काय म्हणतो ते त्यांनीच शिकवलं होतं मला:
थोडं ने, ठेव थोडं. थोडं ने, ठेव थोडं.
आणि शेवटी अर्ध्यात तोडलेलं एकच अक्षर,
थो.
"ठेवतो कुठे लेकाचा," म्हणायचे, आणि काडतूस भरायचे.

नाहीच ठेवत.
गेल्या वर्षी खालचा तुकडा देठांपर्यंत साफ.
फ्रोझन वाटाण्याच्या कारखान्याचा माणूस आला,
कोरे करकरीत बूट, म्हणाला,
मिस्टर थर्टल, एवढ्यासाठी यंत्र नाही आणता येणार.
हे मी विसरलेली नाही.
पुढचं सांगतानाही नाही.

दुपारी मोजदाद.
बाबा चाकूनं गळ्याची पिशवी फोडतात,
वाटाणे माझ्या ओंजळीत, हिरवेगार, गरम,
जणू आत्ताच कुणी सोलून दिले.
किती? एकशे चार.
किती? एकोणनव्वद.
ही वही कुणी मागत नाही,
आजोबांनी सुरू केली, म्हणून चालू आहे.
घरी फ्रीजरमध्ये या शेतातले वाटाणे
आणि त्यांना खाणारे
एकाच कप्प्यात असतात.

सातव्यात वाटाणे नव्हते.
पांढरट काहीतरी, फाटलेल्या दुधासारखं,
बोटांना चिकटलं.
मला माहीत होतं. पिल्लं अंड्यातून निघाली
की पारव्याच्या गळ्यात दूध धरतं,
मादीच्या आणि नराच्याही.
हा कोण होता, कळेना.
दोघांच्या मानेवर तीच पांढरी पट्टी,
पाद्र्याच्या कॉलरीसारखी.

"किती?"
बाबा माझ्या ओठांकडे बघत होते.
मी तोंड ब्रॅकनकडे फिरवलं,
मग परत वळून म्हटलं, सत्तर.
त्यांनी लिहिलं सत्तर.
शून्य काढताना पेन्सिल जरा रेंगाळली,
किंवा मला तसं वाटलं.
इतकी वर्षं पिशव्या फोडणाऱ्याला
सत्तर वाटाणे आणि एक दह्याची कवडी यांतला फरक
कुणाच्या ओठांवरून वाचावा लागत नसणार.

संध्याकाळी जाळी गुंडाळली.
कुंपणातल्या हॉथॉर्नमध्ये एक घरटं आहे,
काटक्या इतक्या विरळ की खालून आभाळ दिसतं.
मी बघितलं नाही. म्हणजे, थांबले नाही.
बाबा पुढे, पोत्यात बारा प्लास्टिकचे पारवे खडखडत.
तेवढ्यात राईतून सुरू झालं,
आणि सवयीनं मी त्यांच्या पाठीला बोट टेकवलं, एकदा.

ते थांबले. बंदूक मोडलेली, रिकामी, कोपरावर.
राईकडे बघत राहिले.
मग वळून माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले,
"काय म्हणतोय?"

मी सांगितलं, सावकाश, ओठ नीट हलवत.
शेवटचं तुटकं अक्षरसुद्धा.