दम

आमच्या घरातली सगळ्यात शांत जागा
कपाट आणि भिंत यांच्यामधली दोन फुटांची फट.
तिथे तीन गोधड्या टांगून, स्टुलावर माइक ठेवून
मी रात्री दीडनंतर पुस्तकं वाचते
न पाहिलेल्या माणसांच्या कानांसाठी.
दीडच्या आधी जमत नाही.
कन्नमवार नगरात तोवर कोणाचा तरी कुकर असतो,
पाण्याचा पंप असतो,
तळमजल्यावर सातार्डेकरांचा कॅरम असतो
आणि हातची क्वीन गेल्यावरची शिवी.

सध्या एक दर्यावरची कादंबरी चालू आहे :
तांडेल, वादळ, उलटलेला मचवा.
वाचून झालं की साफसफाई.
पडद्यावर माझा आवाज डोंगरांसारखा दिसतो
आणि दोन डोंगरांमध्ये, गवताएवढा,
श्वास.
कंपनीचा नियम आहे, श्वास ऐकू येता कामा नये.
एका प्रकरणात दोनशे बारा निघाले.
एकेक निवडून कापायचा,
तांदळातला खडा काढावा तसा.

वेर्णेकरबाई, माझ्या गाण्याच्या,
टागोर नगरातल्या पहिल्या मजल्यावर
पेटीचा भाता डाव्या हातानं हलवत म्हणायच्या,
"समेवर धावत येऊ नकोस, ती कुठे पळून जात नाही.
श्वास चोरून घे, पण घे.
चोरी पकडली गेली तर बदनामी माझी."
चौदाव्या वर्षी मी गाणं सोडलं.
शाळेच्या खो-खोच्या संघात नाव लागलं होतं.
दुसऱ्या महिन्यात तिथूनही काढलं.

आणि बाबा.
दत्ताराम चिंदरकर. मैदानावर 'वाघूळ',
कारण खेळ खुलायचा तो रात्रीच्याच सामन्यांत.
मी पंचांच्या टेबलाखाली बसायचे,
चुन्याची रेषा हातभर अंतरावर.
हॅलोजनभोवती किडे, भोंग्यात चिरकणारा निवेदक –
वाघूळ चढाईला, वाघूळ आत, वाघूळ अजून आतच –
आणि त्या सगळ्याच्या खालून
एकच एक शब्द, न तुटता, घुमत येणारा.
कबड्डी मी डोळ्यांनी कमी पाहिली.
बाबा कुठे आहेत, ते मला ऐकू यायचं.

एकदा सहा जणांनी धरलं.
बोटं रेषेपासून वीतभर.
माणसांच्या ढिगाखालून दम चालूच,
बारीक होत, बारीक होत,
आणि टेबलाखाली मीही श्वास कोंडलेला.
आधी माझा सुटला.
घरी सोललेल्या गुडघ्यावर हळद दाबताना
"दम गेलो काय मेलंस," एवढंच म्हणाले,
मला की गुडघ्याला, कळलं नाही.

आता त्यांच्या उशाशी प्राणवायूचं मशीन आहे.
ते घुरघुरतं म्हणून माइक या फटीत आला,
हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

हेही कोणाला सांगितलेलं नाही
की कापलेले श्वास मी फेकत नाही.
एका फोल्डरमध्ये ठेवते. आठ पुस्तकांचे झालेत.
परवा रात्री, का कुणास ठाऊक,
सगळे ओळीनं लावले.
शब्द नाही, वादळ नाही, नुसती मी,
आत, आत, आत.
हेडफोनची पिन सैल होती. खोलीभर गेलं.

बाबा अंधारातून म्हणाले,
"कोणाची चढाई गो?"
मी म्हटलं, झोपा.
"बराच वेळ आत आसा.
रेषेर नजर ठेव म्हणा तिका."

सातव्या प्रकरणात तांडेल पाण्यात उडी टाकतो.
त्याच्या आधीचा माझा श्वास मी तसाच ठेवला.
एकच.
आज कंपनीचं उत्तर आलं :
चौदा मिनिटं सहा सेकंद. श्वास ऐकू येतोय.
काढून परत पाठवा.

अजून काढलेला नाही.
दीड वाजून गेलाय, पंप बंद झालाय,
खाली कोणीतरी एकटंच
अंधारात सोंगट्या रचत बसलंय,
टक्.
टक्.